कडुनिंबाचा खटला आणि गावची नोंदवही

पेटंटचा विषय निघाला की गावाकडच्या मंडळींच्या बोलण्यात हळद आणि कडुनिंब येतातच, आणि ‘गोऱ्यांनी आपलं चोरलं, आपण परत मिळवलं’ इथे बोलणं थांबतं. मी म्युनिकला राहते. कडुनिंबाचा खटला इथल्याच युरोपियन पेटंट ऑफिसात चालला, म्हणून तो पुरता सांगते.

निंबोळीच्या तेलाने पिकांवरची बुरशी रोखण्याच्या पद्धतीचं पेटंट १९९४ मध्ये अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीला मिळालं. पर्यावरण कार्यकर्त्या वंदना शिवा, युरोपियन संसदेतला ग्रीन गट आणि सेंद्रिय शेतीची जागतिक संघटना यांनी हरकत घेतली. २००० मध्ये पेटंट रद्द झालं, २००५ मध्ये पेटंटवाल्यांचं अपीलही फेटाळलं गेलं. पेटंट नव्यालाच मिळतं, आणि ही पद्धत आधीच वापरात होती हे दाखवायला २००० च्या निकालात वजन पडलं ते १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांत उघडपणे झालेल्या फवारणीच्या चाचण्यांचं. तारखा होत्या, साक्ष द्यायला माणूस होता.

पेटंटच नको, असं मी म्हणत नाही. निंबोळी अर्क त्याच दिवशी फवारावा लागतो, उन्हात त्याचा गुण लवकर उतरतो. तो टिकवायची नवी रीत कुणी शोधली तर तिचं पेटंट त्याला जरूर मिळावं. नाहीतर असल्या संशोधनात पैसा कोण घालणार, हा इथल्या लोकांचा प्रश्न मला पटतो. जुनं काय ते ठाऊक असलं तरच नवं काय ते ठरतं.

आणि जुन्याची नोंद हे आपलंच काम आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राण्यांची आणि त्यांच्याविषयीच्या माहितीची वही, ठेवायला सांगितलं. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२० ची मुदत घालून दंडाची तंबी दिली, तेव्हा कुठे हालचाल झाली. त्यातच २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध, म्हणजे जुन्या ग्रंथांत लिहिलेलं, पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभ-वाटपातून, म्हणजे नफ्यातला वाटा गावाला देण्यातून, सूट दिली. औषधी वनस्पती राखणाऱ्या गावाला देशी कंपनीने काही द्यायला नको, हे मला अजिबात मान्य नाही. म्युनिकमध्ये मागितलेला न्याय मेळघाटातही मिळायला हवा.

दशपर्णी अर्काची, म्हणजे दहा झाडांचा पाला कुजवून केलेल्या कीडनाशकाची, कृती गावागणिक बदलते. कोणता पाला, किती दिवस कुजवला, कोणत्या किडीवर चालला, हे कृषी सहायकांनी पीक आणि तारखेसह लिहून घ्यावं, आणि ग्रामसभेने ती वही वर्षातून एकदा मोठ्याने वाचावी.