हिरव्या दिव्यावर माझा विश्वास का नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर काही मिनिटं बॅटरीवर वीज देणारी पेटी, यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही जी प्रतिक्रिया दिलीत, तिला हे उत्तर. आधी माझी चूक. ‘महिन्यातून एकदा यूपीएसची बॅटरी पूर्ण उतरवा’ असं मी लेखात लिहिलं होतं आणि ‘हा सल्ला बॅटरी मारणारा आहे’ हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पूर्ण उतरवायची सवय जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातली. यूपीएसमधल्या सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीला ती सोसत नाही. 12 व्होल्टची बॅटरी वारंवार 10.5 व्होल्टच्या खाली नेली किंवा उतरलेलीच ठेवून दिली, की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि गेलेली क्षमता परत येत नाही. ते वाक्य काढून टाकलं आहे.

पण तुम्ही पुढे लिहिता, ‘यूपीएस स्वतःच सेल्फ टेस्ट करतो, हिरवा दिवा लागतो, पाच वर्षं मी हातही लावलेला नाही, उगाच लोकांना घाबरवू नका.’ इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार.

सेल्फ टेस्ट म्हणजे काय, तर काही सेकंद लोड (जोडलेल्या यंत्रांचा भार) बॅटरीवर टाकायचा आणि व्होल्टेज फार कोसळत नाही ना ते पाहायचं. तेवढा वेळ थकलेली बॅटरीही तग धरते. त्यामुळे बॅटरी अगदीच मेलेली नाही एवढं कळतं, ती किती मिनिटं चालेल ते कळत नाही. आणि आपल्याला हवी असतात ती मिनिटंच.

हे मी ठेच लागल्यावर शिकलो. मी सांभाळत असलेल्या एका सर्व्हरचा यूपीएस 20 मिनिटांचा बॅकअप दाखवायचा. त्याच आठवड्यात सेल्फ टेस्ट पास झालेली. लाईट गेली आणि दीड मिनिटात सर्व्हर बंद, डेटाबेस लिहिता लिहिता अर्धवट तुटलेला. तो दुरुस्त करण्यात रात्र गेली. नंतर यूपीएस उघडला. आत सिरीजमध्ये, म्हणजे एकीला पुढची जोडून, दोन बॅटऱ्या. लोड नसताना दोन्ही 12.7 व्होल्ट, अगदी शहाण्या. लोड लावताच त्यातली एक 9 च्या खाली. मग ती 20 मिनिटं आली कुठून? यूपीएस तो आकडा चालू लोड आणि बॅटरीची गृहीत धरलेली क्षमता यांवरून काढतो. बॅटरी म्हातारी झाली तरी त्याच्या हिशेबात ती बराच काळ तरुणच असते.

म्हणून चाचणी हवीच, फक्त बेताची. तीन-चार महिन्यांतून एकदा, कामाची वेळ सोडून. सर्व्हर धोक्यात घालायचा नसेल तर तेवढ्याच वॅटचे साधे बल्ब लावा. भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग उपटू नका, कारण प्लगबरोबर अर्थिंगही जातं. चार्ज निम्म्यावर आला की थांबा आणि किती मिनिटं लागली ते चिकटपट्टीवर लिहून यूपीएसवरच लावा. मागच्या आकड्याशी ताडून पाहिलं की पुढचं तुमचं तुम्हालाच समजेल. त्या रात्री मात्र बॅटरी निवांत चार्ज होऊ द्या.

तुमच्या पाच वर्षांवर माझा विश्वास आहे. खोली थंड असेल, लोड हलका असेल. या बॅटऱ्यांचं आयुष्य सांगतात ते 25 अंश सेल्सिअस धरून. तापमान साधारण 10 अंशांनी वाढलं की ते निम्म्यावर येतं. टेबलाखाली, भिंतीला चिकटून, धुळीने भरलेल्या पंख्यासह बसलेल्या यूपीएसला तुमचा अनुभव लागू पडत नाही.

‘व्हीए आणि वॅट एकच’ असं तुम्ही म्हणता, तेही चूक. व्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, वॅट म्हणजे प्रत्यक्ष वापरता येणारी शक्ती. 600 व्हीएचे बरेच यूपीएस 360 वॅटचेच असतात. मागच्या पट्टीवर दोन्ही आकडे छापलेले असतात.

बॅटरी संपत आली की सर्व्हर आपोआप बंद करणाऱ्या शटडाऊनच्या सॉफ्टवेअरला तुम्ही ‘हौस’ म्हटलंत. रात्री दोन वाजता लाईट गेली तर सर्व्हर बंद करायला कोण उठणार? यूपीएसची केबल सर्व्हरला जोडून ‘नट’सारखा (NUT) मोफत प्रोग्रॅम बसवला, की बॅटरी ठरावीक पातळीवर येताच मशीन नीट बंद होतं. त्यातही एक मेख आहे, आणि ती मला लेखातच लिहायला हवी होती. सर्व्हर बंद होत असतानाच लाईट परत आली तर यूपीएसचं आउटपुट तुटतच नाही. सर्व्हरला वीज गेल्याचं कळत नाही, म्हणून आल्याचंही कळत नाही, आणि तो सकाळपर्यंत तसाच बंद पडून राहतो. यासाठी शटडाऊन झाल्यावर लाईट असो वा नसो, यूपीएसने आउटपुट एकदा तोडून पुन्हा जोडावं अशी आज्ञा द्यावी लागते. बायोसमध्येही (सर्व्हर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘वीज आली की सुरू हो’ हे निवडावं लागतं.

आता तुमच्या यूपीएसबद्दल. पाच वर्षांच्या बॅटरीची थेट चाचणी घेऊ नका. आधी यूपीएस बंद करून, प्लग काढून झाकण उघडा आणि बॅटरीच्या बाजू नीट पाहा. फुगल्या असतील तर चाचणी नको, सरळ बदला. दोन असतील तर दोन्ही एकदमच, कारण नवीला जुनीची जोड दिली की नवीही लवकर जाते.