फुकट शिकवा, पण नीट शिकवा

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठवडाभर एकच दळण चालू आहे. मोडी लिपी शिकवणारा एक छोटासा यूट्यूब चॅनेल आहे. तो चालवणाऱ्या सरांनी जाहीर केलं, की धडे पूर्वीसारखेच सगळ्यांना खुले राहतील, पण रविवारचं लाइव्ह वाचन, ज्यात लोकांनी पाठवलेले जुने मोडी कागद ते सगळ्यांसोबत अक्षर अक्षर लावत वाचतात, ते यापुढे फक्त मेंबरांसाठी. महिना १५९ रुपये. झालं! ‘ज्ञानाचा बाजार मांडला’, ‘यांचंही सुरू झालं का’, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे, ‘यूट्यूबला कोणी पैसे देतं होय?’ हे विचारणारा माझा एकेकाळचा बाकमित्र पुण्यात दोन फ्लॅट राखून आहे.

मी जर्मनीत लाइपझिगला राहतो. इथे आनमेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंद केली, की पाठोपाठ रुंडफुंकबायट्रागचं, म्हणजे सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या सक्तीच्या वर्गणीचं पत्र येतं. घरटी महिना १८ युरो ३६ सेंट, तीन महिन्यांचे एकदम ५५ युरो ८ सेंट. टीव्ही आहे का, हे कोणी विचारत नाही. आमच्याकडे नाहीच. त्याच पैशांतून एआरडी आणि झेडडीएफ या इथल्या सार्वजनिक वाहिन्यांनी २०१६ साली तरुणांसाठी ‘फुंक’ हे ऑनलाइन नेटवर्क सुरू केलं आणि यूट्यूबवर रसायनशास्त्र समजावून सांगणाऱ्यांचाही खर्च त्यातून निघू लागला. वरच्या मजल्यावरच्या बाई या वर्गणीच्या नावाने बोटं मोडतात, ते सोडा. भरतात ना!

हे ग्रुपवर लिहिलं तर उत्तर ठरलेलं: तुझं काय बाबा, तू युरोत कमावतोस. कमावतो. मला १५९ रुपये म्हणजे दोन युरोसुद्धा नाहीत, आणि लातूरच्या वसतिगृहातल्या पोराला ते रिचार्जमधून काढावे लागतील. पण त्या पोराला धडे फुकटच आहेत, आणि ग्रुपवर बोंब मारतोय तो ते पोर नव्हे. गणपतीच्या वर्गणीची आपण पावतीसुद्धा नीट वाचत नाही. इथे मात्र ‘त्यात नक्की मिळणार काय’ याचा तपशील हवा.

काय मिळतं ते सांगतो. मोडीत आधी कागदभर आडव्या रेघा ओढायच्या आणि मग बोरू होता होईल तो न उचलता खाली अक्षरं टांगत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा नाही, शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हं नाहीत. परवा एका बाईंनी आजेसासऱ्यांच्या ट्रंकेतलं खरेदीखत पाठवलं होतं. चतुःसीमेत पूर्वेला काय आहे, ते नेमकं कसरीनं खाल्लेलं. उरला होता अर्धामुर्धा ‘व’. वहाळ म्हणावा की विहीर? सर वीस मिनिटं तिथेच अडले. शेवटी चॅटमधल्या कोणाला तरी पाच ओळी खाली ‘पाण्याचा चौथा हिस्सा’ दिसला. हिस्सा वहाळाचा कशाला लिहितील, विहिरीचाच. बाई रडायच्याच बाकी होत्या.

अशा व्हिडिओला बघे किती मिळणार? जाहिरातीच्या पैशातले ५५ टक्के यूट्यूब चॅनेलला देतं खरं, पण जाहिरात बघ्यांच्या मागे धावते, आणि इथे बघेच मूठभर. मेंबरशिपमधले ७० टक्के मिळतात. करबीर जाऊन १५९ मधले शंभरेक रुपये सरांच्या हातात पडत असतील. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने जुन्या मोडी कागदांतल्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणारी माणसं हुडकत फिरायची वेळ आली. दोन फ्लॅटवाल्याने तेव्हा याच ग्रुपवर सरांचा नंबर मागितला होता. कोणी तरी कुठे तरी ही विद्या जिवंत ठेवलेली असावी, ही अपेक्षा आपल्या सगळ्यांची असते. तिचा खर्च तेवढा दुसऱ्याने करावा.

आता मला मोडी येते का? जेमतेम. माझे १५९ रुपये निव्वळ विद्येवर जातात असंही नाही. लाइव्ह असतं तेव्हा इथे संध्याकाळ होत असते, रविवार म्हणून दुकानं बंद, रस्ता सुना. मी शिरलो की सर म्हणतात, ‘आले का जर्मनीवाले?’ एकदा त्यांनी विचारलं, तुमचा कागद कुठल्या तालुक्यातला? तालुका सांगितला, कागद नव्हता. बाबांनी जमीन विकली तेव्हा दप्तरही घेणाऱ्याच्याच घरी राहिलं आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही, मलाही नाही. लाइपझिगमध्ये मला तालुका विचारणारं कोणी नाही. ग्रुपवर आता विचारत नाहीत, तिथे मी ‘तिकडचा’. महिन्याला १५९ रुपये भरून मी लोकांच्या विहिरी शोधत बसतो.

काल ग्रुपवर कोणी तरी लिहिलं, ‘एवढा पुळका आहे तर आमचेही तूच भर.’ यूट्यूबवर मेंबरशिप भेट देता येते, आणि पाच-दहा जणांचे मला जडही नाहीत. पण भरणार नाही. दोन फ्लॅटवाल्याने स्वतःच्या खिशातून भरावेत, एवढाच माझा हट्ट आहे.