लिफ्ट किट घरी बसवावे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

मारुती जिप्सीला दोन इंचांचे लिफ्ट किट, म्हणजे चाके तशीच ठेवून गाडी वर उचलणारे सुटे भाग, घरच्या अंगणात कसे बसवावे, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे की, हे काम शेतकऱ्याला घरी करायला सांगणे बेजबाबदारपणाचे आहे, उंच केलेली गाडी उलटते, विदर्भातल्या पांदण रस्त्यांसाठी मोठे टायर पुरेसे असतात आणि कायद्यालाही हे मान्य नाही. आपण स्वतः वर्कशॉप चालवता, त्यामुळे या आक्षेपांना वरवरचे उत्तर देणे योग्य होणार नाही.

कायद्याचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यात आपल्या दोघांमध्ये मतभेद नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये अशा परवानगीबाह्य प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. म्हणून किट विकत घेण्यापूर्वी आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी, आणि उत्तर नकारार्थी आले तर तो विषय तिथेच सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र हे बंधन अंगणात केलेल्या कामाला जितके लागू आहे तितकेच वर्कशॉपमध्ये केलेल्या कामालाही लागू आहे, त्यामुळे काम कुठे करावे या प्रश्नाचा निकाल त्यातून लागत नाही.

गाडी उलटण्याची भीती खरी आहे, पण ती किती इंचांची आहे हे पाहिले पाहिजे. डाव्या आणि उजव्या चाकांमधले अंतर १३०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ६५० मिलिमीटर धरली, तर उभी गाडी ४५ अंश तिरपी झाल्यावर तोल सोडेल. दोन इंचांच्या लिफ्टने चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा) आणि बॉडी सुमारे ५० मिलिमीटर वर जातात, परंतु एक्सल (चाकांचे आस) आणि चाके जागेवरच राहत असल्यामुळे गुरुत्वमध्य त्याहून थोडा कमी, समजा ४० मिलिमीटर, वर सरकतो आणि तो कोन सुमारे ४३ अंशांवर येतो. चालत्या गाडीत, विशेषतः वळणावर, ही मर्यादा याहून पुष्कळ आधी गाठली जाते. दोन अंशांचे हे नुकसान सावध चालकाला पेलता येते. पाच इंचांचे पेलत नाही, आणि म्हणूनच मी दोन इंचांच्या पुढे जाऊ नये असे लिहिले होते.

टायरांबाबतचे आपले म्हणणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण पांदणीत गाडी नेमकी कुठे अडकते याचा विचार त्यात आहे. बंडी आणि ट्रॅक्टर यांच्या येण्याजाण्याने पावसाळ्यात काळ्या मातीत खोल चाकोऱ्या पडतात, मधला उंचवटा तसाच राहतो आणि दिवाळीनंतर कापूस वेचणीच्या वेळी तो वाळून दगडासारखा कठीण होतो. त्या उंचवट्यावर प्रथम टेकते ते डिफरन्शियलचे भांडे, म्हणजे एक्सलवरची, दोन्ही चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या गिअरांची पेटी. जिप्सीला पुढे आणि मागे दोन्हीकडे सलग एक्सल आहेत, त्यामुळे लिफ्टने ते भांडे तसूभरही वर उचलले जात नाही. त्याची उंची फक्त टायरने वाढते, आणि तीही टायरच्या व्यासात पडलेल्या फरकाच्या निम्म्याने: २९ इंची टायरच्या जागी ३१ इंची टायर घातला तर एक इंच. इथपर्यंत आपण अगदी बरोबर आहात. परंतु ३१ इंची टायर मूळ उंचीच्या गाडीत पूर्ण वळवला किंवा खड्ड्यात दाबला गेला की मडगार्डला घासतो, आणि त्याला फिरायला जागा लिफ्टच करून देते. शिवाय नाल्याची दरड चढून पलीकडे उतरताना जे टेकते ते डिफरन्शियल नसून चेसिसचा मधला भाग आणि ट्रान्सफर केस (पुढच्या व मागच्या एक्सलला शक्ती पोचवणारी गिअरपेटी) असतात. जिप्सीच्या २३७५ मिलिमीटर व्हीलबेसवर (पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर) ५० मिलिमीटर उंची वाढली की मधला भाग न टेकवता ओलांडता येणारा उंचवट्याचा कोन ढोबळ हिशेबाने साडेचार ते पाच अंशांनी वाढतो. मोठ्या टायरमुळे स्पीडोमीटर मागे पडतो, हेही सांगायला हवे: वरच्या उदाहरणात काटा ६० दाखवत असताना गाडी ६४ ने धावत असते.

आता घरी काम करण्याबद्दल. पाटे (लीफ स्प्रिंग, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) बदलण्याच्या कामात धोका आहे तो गाडी अंगावर येण्याचा, आणि तो जमिनीपासून सुरू होतो. काळ्या मातीच्या अंगणात जॅक एका बाजूला खचतो, म्हणून सिमेंटचा कोबा असेल तिथेच हे काम करावे आणि गाडीचे वजन चेसिसखाली लावलेल्या जॅक स्टँडवरच ठेवावे. विटा, दगड किंवा नुसता हायड्रॉलिक जॅक यांच्या भरवशावर कोणीही गाडीखाली शिरू नये, मग ते अंगण असो वा वर्कशॉप. पाट्यांच्या गाडीबाबत मी हे धाडस सुचवतो, याचे कारण एक्सलला आधार देऊन वजन उतरवले की पाट्यात दाबून ठेवलेली शक्ती उरत नाही. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत ती उरते, आणि निसटलेली कॉइल जिवावर बेतू शकते. म्हणून २०२० नंतरच्या थारसाठी मी घरचे काम सुचवलेले नाही.

उरलेले काम कौशल्यापेक्षा चिकाटीचे आहे. पाटे एक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट नवेच वापरावेत. पाट्याच्या टोकांच्या बुशचे (रबरी नळकांड्यांचे) बोल्ट गाडी चाकांवर पूर्ण टेकल्यावरच शेवटचे आवळावेत, कारण चाके लोंबकळत असताना आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. एक्सल पूर्ण खाली सोडून ब्रेकचा होज (रबरी नळी) ताणला जात नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे. मागच्या एक्सलला जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व (गाडीतल्या ओझ्यानुसार मागच्या ब्रेकचा दाब कमीजास्त करणारी झडप) असेल, तर उंची वाढल्यामुळे त्याला गाडी रिकामी आहे असे भासते आणि मागचे ब्रेक कमी पडतात, त्यामुळे त्याची दांडी नव्या उंचीनुसार जुळवावी लागते. त्यानंतर साधारण १०० आणि पुन्हा ५०० किलोमीटरनंतर यू बोल्ट टॉर्क पान्याने तपासावे लागतात. माझा आग्रह आहे तो या शेवटच्या कामासाठी. आडगावातला माणूस केवळ चार नट तपासायला तालुक्याला गाडी नेत नाही, असा माझा अनुभव आहे. ज्याने ते नट स्वतः लावले आहेत तो ते स्वतः तपासतो.

आपल्याकडे जी कामे यायलाच हवीत, तीही लिहितो. पुढच्या पाट्याचे शॅकल (पाट्याचे टोक चेसिसला जोडणारी हलती कडी) पुढच्या टोकाला असलेल्या गाडीत लांब शॅकल लावले की कास्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि स्टिअरिंग सरळ रस्त्यावरही भरकटू लागते. तो कोन मोजून पोलादी पाचर बसवण्याचे साधन घरी नसते. पाटे एक्सलच्या वर घेऊन सुमारे पाच इंच उंची वाढवण्याच्या प्रकारात एक्सलच्या नळीवर वेल्डिंग करावे लागते, उष्णतेने नळी वाकते आणि पिनियनचा (डिफरन्शियलमध्ये शक्ती आणणाऱ्या दांड्याच्या गिअरचा) कोन बिघडतो. अंगणातल्या वेल्डिंग मशीनवर ते काम करण्याला माझाही आपल्याइतकाच विरोध आहे.