दुसरा खेळाडू

व्हिडिओ गेम्सवर लिहायचा छंद तसा बिनबोभाट असतो. यातून एक रुपयाही मिळत नाही, हे नातेवाइकांना एकदा सांगून टाकलं की ते पुढचं काही विचारत नाहीत, फक्त नवऱ्याकडे कणवेने बघतात. रात्री ओटा आवरला की मी खेळायला बसते, मग लिहायला. नवरा शेजारी बसून जुन्या क्रिकेट मॅचच्या हायलाइट्स बघतो. निकाल पाठ असलेली मॅच पुन्हा पुन्हा बघणारा माणूस बायकोला ‘वेळ वाया घालवतेस’ असं कुठल्या तोंडाने म्हणणार? त्यामुळे आमचं बरं चाललं होतं.

मग मी ‘इट टेक्स टू’वर लिहायचं ठरवलं.

हेझलाइट या स्वीडिश स्टुडिओचा हा २०२१ चा गेम. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरलेला. गोची एकच, तो एकट्याने खेळताच येत नाही. स्क्रीनचे दोन भाग, दोन माणसं, दोन कंट्रोलर. गोष्ट आहे कोडी आणि मे या जोडप्याची. घटस्फोटाचं ठरलेलं असतं, लेकीच्या अश्रूंनी दोघांच्या वीतभर बाहुल्या होतात, आणि एक बोलकं पुस्तक ‘एकमेकांना सांभाळून घ्या’ म्हणत त्यांच्या मानगुटीवर बसतं. आपल्याकडे या खात्याचा कारभार मावश्या बघतात.

माझ्या गेम खेळणाऱ्या मैत्रिणी बंगळुरूत नाहीतर टोरांटोत. हाताशी असलेला दुसरा खेळाडू एकच होता आणि तो हायलाइट्स बघत होता.

ज्याने आयुष्यात कंट्रोलर धरलेला नाही त्याला शिकवणं काय असतं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. कंट्रोलरवर दोन छोट्या दांड्या असतात. डावीने चालायचं, उजवीने बघायचं. आपल्याला ते अंगवळणी पडलेलं असतं. नवशिक्या माणूस चालायला लागला की बघायचा थांबतो आणि बघायला लागला की चालायचा. पहिला अर्धा तास माझ्या बाजूला अवजारांची भव्य खोली होती आणि त्याच्या बाजूला छत. मग बराच वेळ जमीन.

“अरे, वर बघ!”

“मगाशी तूच म्हणालीस, खाली बघ.”

पुढे आणखी मजा. मे हिला हातोडा मिळतो, कोडीला खिळे. कोडीने लाकडात खिळा फेकून मारायचा, मेने त्याला हातोडा अडकवून झोका घेत पलीकडे जायचं. आता, लग्न झाल्यापासून आमच्या घरातलं कॅलेंडर खिडकीच्या कडीला लटकतंय, कारण भिंतीत खिळा ठोकायला या गृहस्थांना मुहूर्त मिळालेला नाही. अशा माणसाच्या खिळ्यावर मी जीव टांगायचा! त्यात फेकलेला खिळा परत बोलावायची सोय आहे, आणि ती त्याला भारी आवडली. मी मधोमध लोंबकळतेय आणि हा खिळा परत बोलावतोय.

“चुकून झालं गं.”

चुकून एकदा होतं. मी लगेच पुन्हा जिवंत होत होते म्हणून, नाहीतर त्या रात्री हा बारा वेळा विधुर झाला असता.

पहिल्या छोट्या खेळात मात्र मी वचपा काढला. त्यात कोडी भोकांतून डोकं वर काढतो आणि मेने ते हातोड्याने ठेचायचं. लेखासाठी बारकाईने तपासायला हवं म्हणून तो खेळ मी पुन्हा पुन्हा खेळले.

शेडमध्ये एक जुना व्हॅक्यूम क्लीनर या दोघांवर चालून येतो. दुरुस्त करतो म्हणाले आणि टाकून दिलं, हा त्याचा राग. तिथे आम्ही दोघंही जरा गप्प झालो. आमचा मिक्सर दिवाळीपासून कपाटावर बसलाय.

इतक्यात सांगलीहून सासूबाई आल्या. रात्री अकराला बैठकीतून “मार! आता मार! खिळा मार म्हणते ना!” ऐकू आल्यावर त्या बाहेर येऊन बसल्या, त्या रोजच बसायला लागल्या.

आणि मग तो हत्ती आला. लेकीची लाडकी मऊ हत्तीण. लेक रडली तर आपण पुन्हा माणसं होऊ, या आशेने आईबाप त्या हत्तिणीला ओढत कड्यावरून ढकलायला नेतात, आणि ती बिचारी गयावया करत राहते. बटणं खेळणाऱ्यांनीच दाबायची. नवऱ्याने कंट्रोलर टीपॉयवर ठेवला.

“मी हे करणार नाही.”

“अरे, त्याशिवाय पुढेच जाता येत नाही.”

“मग नको जाऊया. इथपर्यंतचंच लिही.”

नऊ वर्षांत पहिल्यांदा हा माणूस एखाद्या गोष्टीवर ठाम राहिला होता, आणि नेमका माझा लेख अडला होता. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“खरी आहे का ती?”

“नाही आई, खेळणं आहे.”

“मग आण इकडे. कुठलं बटण?”

दात-ओठ न खाता, भाजी निवडावी इतक्या शांतपणे त्यांनी तिला कड्यापर्यंत नेलं. नवरा स्वयंपाकघरात जाऊन पाणी पीत उभा होता.

लेख झाला. दहापैकी साडेआठ दिले. गुण नऊ हवे होते आणि ‘दुसऱ्या खेळाडूने उत्तम साथ दिली’ हे वाक्य राहून गेलंय, असं नवऱ्याचं म्हणणं पडलं. सासूबाई सांगलीला गेल्या आणि दर रविवारी फोनवर गेमची चौकशी करू लागल्या. त्याच स्टुडिओचा पुढचा गेम, ‘स्प्लिट फिक्शन’, २०२५ च्या मार्चमध्ये आला. तोही दोघांनीच खेळायचा, पण यात नवरा-बायको नाहीत. मिओ आणि झोई नावाच्या दोघी लेखिका आहेत. हे कळल्याबरोबर सासूबाईंनी एसटीचं आरक्षण केलं.

“आणि मी काय करू?” नवऱ्याने फोनवर विचारलं.

“तू तो मिक्सर टाकून ये दुरुस्तीला.”