बैल अडला? मग कुंपणच उपटा!

दिवाळीनंतरचे दिवस. हिंगणघाटकडच्या एखाद्या जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, वजनाच्या पावत्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये आणि हिशेब लिहिणारे तुम्ही नागपुरात. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा खासगी बोगदा, जोडलं, हिरवी खूण आली, पण तिकडचा कॉम्प्युटर इथून चालवायचा रिमोट डेस्कटॉप काही उघडत नाही. अशा वेळी डोकं अजिबात शांत ठेवू नका. सरळ जिनिंगवर फोन लावा आणि सांगा, "भाऊ, तेवढं फायरवॉल बंद करून टाका." तिकडून "कोणता वॉल, ड्रिपचा काय?" असं आलं, तर सल्ला योग्य माणसाच्या हाती पडला म्हणून समजा.

रोही आणि रानडुकरं शिरू नयेत म्हणून आपण शेताला तार लावतो. कॉम्प्युटरचं फायरवॉल म्हणजे तशीच तार: बाहेरून येणाऱ्यातलं कोणाला आत घ्यायचं ते ठरवणारी. आपलाच बैल अडला तर फाटक शोधत कोण बसतं? तार उपटली की काम झालं.

आता निदान. आधी पिंग करा, म्हणजे त्या मशीनला 'आहेस का?' अशी हाक मारा. उत्तर आलं नाही, की मशीन मेलं असं जाहीर करा. पिंग आयसीएमपीवर चालतं, रिमोट डेस्कटॉप टीसीपीच्या ३३८९ पोर्टावर (दोन्ही नेटवर्कवर बोलायच्या वेगळ्या पद्धती; पोर्ट म्हणजे क्रमांकाचं दार). पिंग अडलेलं असताना ३३८९ उघडं असू शकतं आणि उलटही. पण असल्या तपशिलाने माणूस दुबळा होतो. पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा लिहायच्या खिडकीत टेस्ट-नेटकनेक्शन लिहून, पुढे त्या मशीनचा पत्ता आणि पोर्ट ३३८९ दिला, तर शेवटच्या ओळीत ट्रू (पोचलं) किंवा फॉल्स (नाही पोचलं) येतं. हे मुळीच करू नका. दोन तासांच्या तर्कवितर्काची मजा एका ओळीत जाते.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष करायचं ते प्रोफाइलकडे, म्हणजे नेटवर्क किती विश्वासाचं ते ठरवणाऱ्या खान्यांकडे. विंडोजकडे तीन असतात: डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक. ऑफिसचा कॉम्प्युटर स्वतःच व्हीपीएनला जोडलेला (क्लायंट) असेल, तर व्हीपीएनच्या त्या आभासी नेटवर्क कार्डाला बहुधा गेटवे (बाहेर जायची वाट) नसतो. मग विंडोज त्याला 'अनोळखी नेटवर्क' ठरवून पब्लिकमध्ये टाकतं. रिमोट डेस्कटॉपच्या नियमाला खूण फक्त प्रायव्हेटची असली, की झालं. म्हणूनच ऑफिसातल्या शेजारच्या टेबलावरून सगळं झकास चालतं आणि नागपूरहून चालत नाही. गेट-नेटकनेक्शनप्रोफाइल लिहिलं तर कोणतं कार्ड कुठल्या खान्यात आहे ते दिसतं. त्याला प्रायव्हेट करायला जाल, तर अनोळखी नेटवर्क रीस्टार्टनंतर बरेचदा पुन्हा पब्लिक होतं. टिकाऊ उपाय आहे, म्हणून तो टाळाच: ॲडव्हान्स्ड सिक्युरिटीवालं फायरवॉल उघडायचं, इनबाउंड रूल्समध्ये (आत येणाऱ्यांच्या नियमांत) 'रिमोट डेस्कटॉप - युजर मोड'चे टीसीपी आणि यूडीपी असे दोन्ही नियम घ्यायचे, ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये पब्लिकचीही खूण करायची आणि लगेच स्कोप टॅबमध्ये रिमोट पत्ता म्हणून फक्त व्हीपीएनचा पट्टा लिहायचा, समजा १०.८.०.०/२४ (१०.८.० ने सुरू होणारे सगळे पत्ते). म्हणजे फाटक उघडं, पण फक्त घरच्या बैलांना. इतकी बारीक कामं मोठ्या माणसांना शोभत नाहीत.

व्हीपीएन त्या कॉम्प्युटरवर नाही, ऑफिसच्या राउटरवरच संपत असेल, तर आधीच्या कोणा शहाण्याने स्कोपमध्ये 'लोकल सबनेट' (फक्त ऑफिसच्या नेटवर्कातले पत्ते) लिहून ठेवलंय का ते पाहू नका. तुम्ही येता १०.८.० मधून, ऑफिस १९२.१६८.१ मध्ये, त्या नियमाच्या लेखी तुम्ही परगावचे. तुमच्या घरचं वायफायही १९२.१६८.१ वर असेल, तर पाकीट (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा) घरातल्या घरातच ऑफिस शोधत फिरतं. फायरवॉलचा त्यात काडीचा संबंध नाही. तरी शिव्या त्यालाच घाला, ते उलटून बोलत नाही.

फायरवॉलचा लॉग, म्हणजे नोंदवही, तर चुकूनही चालू करू नका. अडवलेल्या पाकिटांची नोंद विंडोज आपणहून ठेवत नाही, ती प्रॉपर्टीजमध्ये प्रत्येक प्रोफाइलसाठी चालू करावी लागते. मग पीफायरवॉल डॉट लॉग या फाइलीत अशी ओळ सापडते: ड्रॉप, टीसीपी, १०.८.०.६, १०.८.०.१०, ५२३४४, ३३८९. कोण आलं, कुठे निघालं, कोणत्या दारावर अडलं, सगळं आलं. आणि तुम्ही प्रयत्न करूनही ओळ पडलीच नाही, तर पाकीट बहुधा इथवर पोचलंच नाही. अडकलंय व्हीपीएन सर्व्हरवर किंवा रस्त्यात. फक्त त्या मशीनवर वेगळ्या अँटिव्हायरसचं स्वतःचं फायरवॉल असेल, तर विंडोजचे नियम दिवसभर बदलत बसा. सत्ता दुसऱ्याकडे आहे, इथे नुसता दरबार भरतो.

'पासवर्ड चुकीचा आहे' असा निरोप आला? याचा अर्थ ३३८९ उघडं आहे, फायरवॉलने तुम्हाला आत घेतलं आहे. तरीही ते बंद करा, आरंभलेलं काम अर्धं सोडू नये. ऑफिसात विंडोज होम असेल, तर त्यावर रिमोट डेस्कटॉपने बाहेरून येताच येत नाही, प्रो लागतं. हे मात्र सगळे नियम तपासून झाल्यावरच कळू द्या.

एवढं करूनही जमलं नाही, तर ब्रह्मास्त्र: व्हीपीएन काढा आणि राउटरवर ३३८९ थेट इंटरनेटवर उघडा. जगभरचे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, हे दार रात्रंदिवस ठोठावतात. सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या नोंदींची रास लागते. २०१९ मध्ये याच सेवेत ब्लूकीप नावाचं असं भोक सापडलं, की मायक्रोसॉफ्टला कधीच निवृत्त केलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती काढावी लागली. भीती वाटली तर पोर्ट ३३९० करा. घराचा नंबर बदलला की चोर परत जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. जिनिंगवर सिमकार्डाचं इंटरनेट असेल, तर बहुतेक वेळा बाहेरचा स्वतंत्र पत्ताच मिळत नाही आणि हा पराक्रम फसतो. तेवढं दुःख गिळा.

आणि कधीतरी सगळं जुळून आलं, पडद्यावर ऑफिसचा डेस्कटॉप उघडला, की त्याच कनेक्शनमधून, त्याच नियमाचा स्कोप आणखी कडक करायला घ्या. १०.८.०.० लिहा, पुढचं /२४ विसरा. तो एकच पत्ता झाला, आणि तो तुमचा नाही. ओके दाबताच पडदा थिजतो, माउस फिरतो पण काही हलत नाही. हिंगणघाटची एसटी गणेशपेठ बसस्थानकावरून मिळते.