म्हातारा कुत्रा कोसळला म्हणजे त्याची वेळ झाली, असं नसतं

व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मजकूर गेल्या वर्षभरात माझ्याकडे तीनदा आला. थोडक्यात तो असा: "तुमचा कुत्रा किंवा मांजर दहा वर्षांच्या पुढं गेलं असेल आणि एके दिवशी अचानक तोल जाऊन पडलं, मान कलली, डोळे फिरायला लागले, तर तो लकवा असतो. त्यावर इलाज नाही. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, म्हणजे तेरा वर्षांचा कुत्रा एक्क्याण्णव वर्षांचा म्हातारा असतो. त्यानं अन्नपाणी सोडलं की समजा, त्यानं जायचं ठरवलंय. दवाखान्यात नेऊन सुया टोचून त्याचे हाल करू नका. दुखत असेल असं वाटलं तर आपली तापाची अर्धी गोळी द्या. निपचित पडून असेल तर त्याला वेदना नाहीत. जवळ बसा आणि निरोप द्या."

वाचताना डोळ्यांत पाणी येतं, म्हणूनच तो पुढं पुढं जातो. मला तो तिसऱ्यांदा आला आत्याकडून, आमचा कुत्रा खंड्या पडला त्याच सकाळी. आत्यावर माझा राग नाही. तिचा खंड्यावर जीव आहे आणि आम्हाला धीर द्यावा म्हणूनच तिनं तो पाठवला. पण त्या सकाळी आम्ही त्यात लिहिल्याप्रमाणे नुसते जवळ बसलो असतो, तर खंड्या उलट्या आणि तहानेनंच गेला असता.

खंड्या गावठी, १३ वर्षांचा. पहाटे दूधवाला आला तरी तो दारात आला नाही आणि स्वयंपाकघरातून फरशीवर नखं खरडल्याचा आवाज येत राहिला. जाऊन बघतो तर ओट्याखाली डाव्या कुशीवर पडून उठायची धडपड चाललेली. कसाबसा उठायचा, दोन पावलं टाकायचा आणि पुन्हा डावीकडेच कोसळायचा. मान त्याच बाजूला कललेली. बुबुळं सारखी आडवी हलत होती, हळूच एका बाजूला सरकायची आणि झटक्यात परत यायची. शेजारी पिवळी उलटी. आई खाली बसली आणि म्हणाली, "गेलं रे माझं लेकरू." मलाही तसंच वाटलं.

आता त्या मजकुराकडे येतो. "तो लकवा असतो." दवाखान्यात डॉक्टरांचं पहिलं वाक्य होतं, "हे कानाचं आहे की मेंदूचं, ते आधी बघू." शरीराचा तोल सांभाळणारा अवयव आतल्या कानात असतो. म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये तो, किंवा तिथून मेंदूकडे जाणारी नस, काही वेळा एकाएकी बिघडते. नेमकं कारण बहुतेकदा सापडत नाही. पशुवैद्यकात याला वयस्क कुत्र्यांचा व्हेस्टिब्युलर आजार म्हणतात. दिसायला तो इतका भयंकर दिसतो की घरातला प्रत्येक माणूस लकवाच समजतो. कुत्र्याच्या दृष्टीनं मात्र सगळं घर गरगर फिरत असतं. गाडी लागल्यावर आपल्याला होतं तसं, फक्त कित्येक पटींनी जास्त. उलटी होते ती त्यामुळेच.

कान की मेंदू, हे ओळखायला डॉक्टरांनी काय केलं ते सांगतो, कारण ते बघूनच माझा धीर परत आला. त्यांनी मला खंड्याला पोटाखालून धरून उभं करायला सांगितलं. मग त्याच्या एकेका पायाचा पंजा हळूच उलटा दुमडून टेबलावर ठेवला, वरची बाजू खाली. चारही वेळा खंड्यानं पंजा लगेच सरळ केला. "पाय कुठं आहेत हे मेंदूला कळतंय," डॉक्टर म्हणाले. मग डोळे. बुबुळं आडवी किंवा गोल फिरत असतील तर दोष बहुधा कानाकडचा. वरखाली हलत असतील तर संशय मेंदूवर जातो. हाक मारल्यावर तो बघतोय का, गुंगीत आहे का, हे पाहिलं. कानात दिवा घालून पडदा पाहिला, कारण मधल्या कानात पू झाला तरी हुबेहूब असंच होतं. घरी कानात कुठले थेंब घालत होता का, आधी जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल चालू होतं का, हेही विचारलं. त्या गोळीचा डोस जास्त झाला, तरी कुत्रा असाच तोल जाऊन पडतो. शेवटी रक्त घेतलं: पेशी, साखर, किडनी, लिव्हर, थायरॉइड.

निदान कानाचंच निघालं. उपचार म्हणजे उलटी थांबवणारं इंजेक्शन, सलाइन आणि घरची शुश्रूषा. "तीन दिवस काही ठरवू नका," असं त्यांनी बजावलं. या आजारात पहिले दोन दिवस सर्वांत वाईट असतात, साधारण ७२ तासांत सुधारणा दिसू लागते आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतेक कुत्री पुन्हा चालती-फिरती होतात. काहींची मान जन्मभर थोडी कललेली राहते, एवढंच. म्हणजे पहिल्याच दिवशी "जवळ बसा आणि निरोप द्या" हे ऐकणारा माणूस निर्णय घेतो तो नेमका सर्वांत वाईट दिवशी.

आणि समजा, खरोखरच लकवा, म्हणजे मेंदूतला झटका असता तरी? कुत्र्यांना तो येतो, हे खरं आहे. पण त्यातूनही पुष्कळ कुत्री नीट सांभाळली तर काही आठवड्यांत सावरतात. "इलाज नाही" हे त्यालाही सरसकट लागू होत नाही. मेंदूत गाठ असेल तर गोष्ट वेगळी. पण गाठ आहे की कानात पू आहे, हे ओट्याखाली पडलेल्या कुत्र्याकडे बघून कुणालाही सांगता येत नाही.

सात वर्षांचा हिशेब थोडक्यात उरकतो, कारण तो मुळातच चुकीचा आहे. ग्रेट डेनसारखा आडदांड कुत्रा सात-आठ वर्षांत म्हातारा होतो आणि चिमुकला पॉमेरेनियन चौदा-पंधरा वर्षं आरामात काढतो. दोघांना एकच पट कशी लावणार? २०२० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी १०४ लॅब्राडॉरांच्या डीएनएवरच्या वयाच्या खुणा माणसांच्या खुणांशी ताडून पाहिल्या. त्यांच्या सूत्रानं वर्षाचा कुत्रा साधारण तिशीतला निघतो आणि १३ वर्षांचा साधारण ७२ चा. ते सूत्रही एकाच जातीवरून काढलेलं आहे, ते खंड्याला तंतोतंत लागू होईल असं मी म्हणत नाही. मला खुपतं ते पुढचंच. एक्क्याण्णव वर्षांची आजी न्हाणीघरात पडली तर आपण रिक्षा बोलावतो. वय सांगून तिला फरशीवर ठेवत नाही.

"अन्नपाणी सोडलं म्हणजे त्यानं जायचं ठरवलंय." या वाक्याचा मला सर्वांत जास्त त्रास होतो. खंड्यानं दीड दिवस काही खाल्लं नाही, कारण त्याला मळमळत होतं आणि ताटली कुठं आहे हेच कळत नव्हतं. तोंड खाली नेलं की तो नाकावर पडायचा. आईनं त्याचं डोकं मांडीवर सरळ धरलं, वाटीतलं पाणी चमच्यानं ओठाच्या कडेला लावलं आणि तो चाटायला लागला. इंजेक्शननं मळमळ थांबल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या हातून चार घास दहीभात खाल्ला. कुठं जायचं ठरवलं होतं त्यानं?

म्हातारं जनावर खात नाही याची कारणं कितीतरी असतात, आणि त्यातली बरीचशी बरी होणारी. दाढ किडलेली असते. किडनी कमजोर झालेली असते, म्हाताऱ्या मांजरांत तर हे सर्रास. आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर गोचिडांमुळे होणारा ताप असतो: रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात, कधी नाकातून रक्त येतं, कुत्रा जेवण सोडून कोपऱ्यात पडतो. वेळेवर रक्त तपासून डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू केलं तर बरीच कुत्री दोन-तीन दिवसांत जेवायला उठतात. कोर्स मात्र जवळजवळ महिनाभर पूर्ण करावा लागतो. मांजराच्या बाबतीत तर वाट बघणंच घातक. लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिलं की लिव्हरवर चरबी चढते आणि मूळ दुखणं राहतं बाजूला, जीव जातो तो उपासानं.

नसबंदी न केलेली म्हातारी कुत्री असेल, हीटवर येऊन महिना-दोन महिने झाले असतील आणि ती एकदम जास्त पाणी प्यायला लागली, उलट्या करू लागली, सुस्तावली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्या. पू बाहेर दिसेलच असं नाही. "वय झालं, पाणी जास्त पिते" म्हणून घालवलेले दोन दिवस तिच्या जिवावर बेततात. ऑपरेशन करून गर्भाशय वेळेत काढलं तर ती बहुतेकदा वाचते.

आता ती अर्धी गोळी. मजकुरातलं हे वाक्य नुसतं चुकीचं नाही, त्यानं जीव जातो. मांजराच्या लिव्हरला पॅरासिटामॉल पचवता येत नाही. ५०० मिलिग्रॅमची अर्धी गोळीसुद्धा मांजराला मारू शकते. रक्तातली प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते, हिरड्या गुलाबीच्या तपकिरी होतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. गोळी पोटात गेलीच असेल तर त्याच क्षणी दवाखाना गाठा आणि किती, कधी दिली ते न लपवता सांगा. यावर उतारा आहे, पण तो लवकर द्यावा लागतो. कुत्र्यांच्या बाबतीत आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक पोटात अल्सर करतात, किडन्या बंद पाडतात. आपल्या औषधांच्या डब्यातली कुठलीही वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जनावराला द्यायची नाही, पावही नाही.

"निपचित पडून असेल तर वेदना नाहीत." कुत्री-मांजरं दुखणं लपवतात. ती विव्हळतीलच असं नाही. धापा टाकणं, एका जागी न टिकणं, आडवं न होता तासन् तास बसून राहणं, एकच जागा चाटत राहणं, पलंगाखाली जाऊन बसणं, हात लावू न देणं, ही दुखण्याची भाषा आहे. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगलंय, तो उलटीसाठी ओकाऱ्या काढतोय पण काहीच पडत नाही, असं दिसलं तर जठराला पीळ पडलेला असू शकतो आणि हातात फक्त काही तास असतात. मांजराचे मागचे पाय एकाएकी लुळे पडून गार झाले तर हृदयातून सुटलेली रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते. ओठ वर करून हिरड्या बघायची सवय लावा. पांढऱ्याफटक हिरड्या म्हणजे कदाचित आत रक्तस्राव, थांबायचं नाही. नाक कोरडं आहे की ओलं, यावरून मात्र काही कळत नाही. अंग गरम लागलं म्हणून घाबरूही नका, कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं.

त्या मजकुरात एक गोष्ट खरी आहे, आणि ती मी नाकारत नाही. निरोपाची वेळ येते. आमच्या खालच्या मजल्यावरची लॅब्राडॉर कुत्री दोन वर्षांपूर्वी अशीच अचानक बसली. हिरड्या पांढऱ्या, पोट फुगलेलं. सोनोग्राफीत प्लीहेवरची गाठ फुटलेली दिसली आणि ती यकृतात पसरलेली होती. त्या घरानं ऑपरेशन केलं नाही. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग शेवटचं, डोकं काकांच्या मांडीवर. तो निर्णय योग्य होता असं मला आजही वाटतं. पण तो काय झालंय हे कळल्यावर घेतला होता. आणि "हाल करू नका" म्हणणाऱ्यांना हेही सांगायला हवं की घरी चार दिवस तडफडत जाणं हा शांत निरोप नसतो.

पैशांचाही प्रश्न असतो, तो खोटा नाही. सगळ्या तपासण्या प्रत्येकाला झेपत नाहीत. पण पंजा दुमडून बघायला, डोळे-कान-हिरड्या बघायला यंत्र लागत नाही. डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगा की खर्चाची एवढीच ऐपत आहे, आधी सर्वांत गरजेचं काय ते करा. ते सांगताना लाजू नका.

कुणाचं म्हातारं जनावर असं पडलं तर त्या दहा मिनिटांत एवढं करा: जिना आणि कडा अडवा, खाली सतरंजी किंवा गोधडी घाला, मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या (दवाखान्यात पोचेपर्यंत लक्षणं बदलतात आणि डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो), तोंडात पाणी ओतू नका, आणि निघा. नेताना त्याचं अंग आपल्या अंगाशी घट्ट धरा. अधांतरी उचललं की त्याची गरगर वाढते. घरी आणल्यावर फरशीवर रबरी मॅट, रात्री एक दिवा चालू, पोटाखालून टॉवेलचा झोळणा करून शी-शूला नेणं. आम्ही सहा दिवस तेच केलं. सातव्या दिवशी खंड्या भिंतीला अंग घासत एकटा दारापर्यंत गेला. आत्याला त्याचा व्हिडिओ पाठवला, आणि तिनं तो मजकूर ज्या-ज्या गटात टाकला होता तिथं-तिथं हा व्हिडिओ टाकला.