"नुसता बारीक छेद" असतो म्हणे

दाऊदी बोहरा समाजातल्या मुलींच्या खतन्यावर, म्हणजे गुप्तांगाची कातडी कापण्यावर, एक मेसेज फिरतोय. म्हणे हे आफ्रिकेतलं एफजीएम (मुलींच्या जननेंद्रियाची काटछाट) नाहीच, नुसता बारीक छेद, मुलांच्या सुंतेसारखा, धर्मात सांगितलाय, बायकाच करतात, बाहेरच्यांनी नाक खुपसू नये. बरं, एकेक बघू.

एफजीएम नाही? डब्ल्यूएचओच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या, व्याख्येत वैद्यकीय कारण नसताना नुसतं टोचणं-चिरणंही येतं. ऑस्ट्रेलियात बोहरा मुलींच्या केसमध्ये बचाव जवळपास हाच होता, 2019 ला तिथल्या सर्वात वरच्या कोर्टाने तो उडवून लावला. आणि बारीक म्हणजे किती हो? सात वर्षांची पोर हातपाय झाडतेय, दोघी तिला दाबून धरतायत, दाईच्या हातात ब्लेड, आणि तिने म्हणे मोजून तेवढीच कातडी काढायची!

मुलांसारखंच म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं, मुलाचं उघडपणे होतं मग मुलीला खोटं बोलून का नेतात? बोहरा समाजातल्याच मासूमा रनालवी यांनी जाहीर सांगितलंय, सात वर्षांच्या असताना आजी खाऊचं आमिष दाखवून भेंडीबाजारातल्या एका अंधाऱ्या घरात घेऊन गेली. बऱ्याच जणींची गोष्ट अशीच, वर "कुणाला सांगायचं नाही" ही ताकीद, काही घरांत तर बापालाही पत्ता नसतो. का करतात विचारलं तर स्वच्छता, रिवाज, आणि आवाज खाली करून, मुलगी "वाहवत" जाऊ नये म्हणून. खरं कारण हे शेवटचं, माझ्या मते तरी.

धर्माचं म्हणाल तर कुराणात याचा उल्लेख नाही, बोहरा आधार देतात तो दहाव्या शतकातल्या एका फातिमी (फातिमी खलिफांच्या काळातल्या) ग्रंथाचा. भारतातले बहुतेक मुसलमान हे करत नाहीत, उलट इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिश्चनही करत आलेत. बोहऱ्यांच्या धर्मगुरूंची गादी सोळाव्या शतकापर्यंत येमेनमध्ये होती आणि तिथल्या किनारपट्टीवर ही चाल आहे, आता काय ते समजा.

बायकाच करतात हे मात्र शंभर टक्के खरं. जिचं झालं तीच पुढे नातीला घेऊन जाते, म्हणून तर टिकलंय. खतन्याच्या बाजूने कोर्टात गेलेल्या बोहरा बायकाही आहेत, त्यांनी स्वतःपुरतं काय ते खुशाल ठरवावं की, सात वर्षांच्या मुलीला कोण विचारतं?

राहिले बाहेरचे. खतन्याविरुद्धची 2017 ची सुप्रीम कोर्टातली याचिका बाहेरच्या वकील बाईंची, मान्य, 2018 ला ती मोठ्या बेंचकडे गेली. पण त्याआधीच बंदीची मागणी करत सह्या गोळा केल्या त्या बोहरा बायकांनीच, स्वतःच्या नावानिशी, बहिष्काराची भीती असताना.